पॅटर्न स्केचमध्ये करावा की फीचरमध्ये? फ्लँज, रॅक आणि जाळीच्या निमित्ताने

रेघोटी

नमस्कार मंडळी,

कॅडमधल्या (कंप्युटरवर भागाचं मॉडेल काढण्यातल्या) पॅटर्नवर, म्हणजे एकाच आकाराच्या ठरावीक अंतरावरच्या नकलांवर, एकदा नीट बोलायचं बरेच दिवस डोक्यात होतं. आमच्याकडे पंपांचं काम, त्यामुळे दिवसभर फ्लँजशी, म्हणजे पाइप बोल्टने जोडायच्या गोल कॉलरशी, गाठ. नवीन मुलं येतात, त्यांचा सॉलिडवर्क्सवर किंवा फ्यूजनवर हात छान बसलेला असतो. पण त्यांनी केलेलं स्केच (मॉडेलच्या आधीचं सपाट रेखाटन) उघडावं तर आत वर्तुळांची गर्दी, त्यातली निम्मी निळी, म्हणजे मापांनी न बांधलेली, एका पॅटर्नच्या पोटात दुसरा पॅटर्न. मॉडेल दिसायला बरोबर असतं. गिऱ्हाइकाने एक माप बदललं की सगळं विस्कटतं, आणि मग कुठून काय सुटलं हे शोधण्यात दुपार जाते.

माझं म्हणणं आधी सांगते. एकाच मापाचे होल पुन्हा पुन्हा हवे असतील तर स्केचमध्ये एकच होल काढावा, तो पूर्ण बांधावा, कट मारावा (घनातून तो आकार कापावा) आणि पॅटर्न त्या कटचा करावा, म्हणजेच फीचर पॅटर्न. स्केचमधला पॅटर्न ठरावीक कामांसाठी राखून ठेवावा, त्यावर पुढे बोलूच. आणि पॅटर्न कुठेही करा, नगांची संख्या बदलल्यावर काय जागेवर राहिलं पाहिजे ते पहिल्या होलच्या मापातच लिहून ठेवावं. बाकीचे होल त्याची नक्कल आहेत. त्यांना वेगळी अक्कल द्यायला जाऊ नये.

आता हे कशावरून, ते बघा. डीएन २०० चा (डीएन म्हणजे पाइपचं नाममात्र माप) फ्लँज घ्या. पीएन १० मध्ये (पीएन म्हणजे दाबाचा वर्ग) बाहेरचा व्यास ३४०, पीसीडी (होलचे मध्य ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) २९५, २२ मिमीचे ८ होल. पीएन १६ मध्ये बाहेरचा व्यास तोच, पीसीडी तोच, होलचा डायाही तोच, फक्त होल १२. म्हणजे जुनी फाइल उघडायची, ८ चे १२ करायचे आणि काम झालं, असं कुणालाही वाटेल.

पण पाइपिंगच्या फ्लँजमध्ये होल उभ्या मध्यरेषेवर कधी घेत नाहीत. रेषेच्या डावी-उजवीकडे सारख्या अंतरावर दोन होल येतात. ८ होल असतील तर पहिला होल आडव्या रेषेपासून २२.५ अंशांवर, १२ असतील तर १५ अंशांवर. मूळ फाइलमध्ये कुणी २२.५ असा आकडा टाइप करून ठेवला असेल आणि तुम्ही फक्त नग बदलले, तर वरचे दोन होल ८२.५ आणि ११२.५ अंशांवर जातात. उभ्या रेषेच्या एका बाजूला ७.५ अंश, दुसऱ्या बाजूला २२.५. स्क्रीनवर बारा होल गोल फिरून सारखेच दिसतात, त्यामुळे नजरेला काही खटकत नाही. पीसीडीवर मोजलं तर ही सरक १९ मिमीच्या वर जाते. २२ च्या होलमध्ये एम२० चा बोल्ट जायचा असतो, तिथे १९ मिमी म्हणजे विषयच संपला.

सुटा फ्लँज असेल तर फिटर वेल्डच्या आधी तो फिरवून घेतो. पंपाच्या केसिंगला फ्लँज अंगचाच असतो, एकाच कास्टिंगमध्ये ओतलेला. तिथे फिरवायला जागा नाही.

उपाय साधा आहे. नगांच्या संख्येला एक नाव द्या, सॉलिडवर्क्समध्ये ग्लोबल व्हेरिएबल, फ्यूजनमध्ये युजर पॅरामीटर. पहिल्या होलच्या कोनात आकडा न लिहिता १८० भागिले नग असं सूत्र लिहा. पॅटर्नच्या नगातही तेच नाव. आता ८ चे १२ करा, १२ चे १६ करा, होल आपोआप मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना बसतात.

फीचर पॅटर्नचा दुसरा फायदा असेंब्लीत कळतो. सॉलिडवर्क्समध्ये एक बोल्ट बसवायचा आणि पॅटर्न ड्रिव्हन कंपोनंट पॅटर्नला तो होलचा पॅटर्न दाखवायचा. होल १२ झाले की बोल्टही १२ होतात. तेच होल स्केचमध्ये पॅटर्न करून एकाच कटमध्ये मारलेले असतील तर असेंब्लीला धरायला पॅटर्नचं फीचरच नसतं.

तुम्ही लोक कुठल्या कामात स्केचमधला पॅटर्न वापरता? पत्र्याचं काम करणारे आणि टूलरूमवाले यांनी जरूर लिहा.

डिप्लोमा_शेवटचं_वर्ष

ताई, खूप उपयोगी धागा. एक शंका आहे. माझा पहिला होल पूर्ण काळा असतो, म्हणजे फुल्ली डिफाइन्ड. सर्क्युलर स्केच पॅटर्न केला की बाकीचे होल निळे होतात. नक्कल जर मूळ होलचीच आहे तर ती मोकळी का राहते? सरांनी सांगितलं की फुल्ली डिफाइन स्केच हे बटण दाबून टाक, पण त्याने कुठूनही कुठेही मापं टाकली गेली.

रेघोटी

ते बटण दाबू नकोस. त्याने स्केच काळं होतं, पण ती मापं तुझ्या विचारातली नसतात, आणि पुढे ती वाचणाऱ्याला काहीच सांगत नाहीत.

बहुतेक वेळा मोकळा असतो तो पॅटर्नचा मध्य. सॉलिडवर्क्स तो मूळबिंदूवर ठेवून देतं, त्यामुळे डोळ्यांना तो बसलेला दिसतो, पण त्याचं नातं कशाशी जोडलेलं नसतं. एक निळा होल माउसने धरून हळूच ओढ. आख्खा ताफा सरकेल आणि मध्याचा बिंदू मूळबिंदूपासून सुटलेला दिसेल. तो बिंदू आणि मूळबिंदू निवडून कोइन्सिडेंट (दोन्ही एकाच जागी) हे नातं लाव. तरी निळे राहिले तर पॅटर्नच्या खिडकीत कोनाचं अंतर मापात दाखवायची खूण आहे, ती कर. पुढे नग बदलायचे असतील तर नगांची संख्या दाखवायची खूणही कर, म्हणजे पुन्हा पॅटर्नच्या खिडकीत शिरावं लागत नाही.

ओढून बघणं ही सवयच लावून घे. स्केचमध्ये काय मोकळं आहे ते रंगापेक्षा ओढल्यावर लवकर कळतं.

चाकणकर

ताईंचं म्हणणं पटलं. यात भर घालतो, कारण आमच्याकडे सर्व्हर रॅकचं काम असतं आणि तिथे होल सारख्या अंतरावर नसतात.

१९ इंची रॅकच्या उभ्या पट्टीत एक यू म्हणजे ४४.४५ मिमी. त्यात तीन होल. त्यांच्यातली अंतरं १५.८७५, १५.८७५ आणि मग पुढच्या यूच्या पहिल्या होलपर्यंत १२.७. चौकोनी होल ९.५ मिमीचे, केज नट (होलमध्ये अडकवायचा पिंजऱ्यातला नट) बसवायला. ४२ यूची पट्टी म्हणजे १२६ होल.

नवीन माणूस काय करतो? स्केचमध्ये एक चौकोन काढतो, ४२ नगांचा लिनिअर पॅटर्न मारतो आणि हे तीनदा करतो. चौकोनाच्या चार रेषा धरल्या तर स्केचमध्ये ५०४ रेषा झाल्या. त्यानंतर त्या स्केचमध्ये काही निवडायला गेलं की कर्सर अडखळतो.

बरोबर पद्धत अशी की एका यूचे तीन होल एका स्केचमध्ये, कट, आणि मग त्या कटचा ४४.४५ ने ४२ नगांचा फीचर पॅटर्न. रॅकचं प्रमाण यूमध्येच बोलतं, मग मॉडेलनेही यूमध्येच बोलावं. ४२ चं ४७ यू करायचं असेल तर पट्टीची लांबी आणि नग, एवढंच बदलतं.

दोन गोष्टी जपा. एक म्हणजे हे आकडे गोल करू नका. १५.८७५ चं कुणी १५.९ केलं की यू ४४.५ चा होतो. एका यूत फरक ०.०५, कुणाला दिसणारही नाही. ४२ यूच्या टोकाला तो २.१ मिमी होतो आणि वरचा सर्व्हर बसत नाही. दुसरं म्हणजे फ्यूजनमध्ये अंतर देताना स्पेसिंग आणि एक्स्टेंट असे दोन पर्याय असतात. एक्स्टेंट निवडलात तर ४२ नगांत अंतरं ४१ असतात. म्हणजे तिथे ४१ गुणिले ४४.४५, १८२२.४५ लिहायचं, पट्टीची पूर्ण उंची १८६६.९ लिहिली की प्रत्येक होल थोडा थोडा सरकत जातो. मी नेहमी स्पेसिंगच घेतो, कारण प्रमाणात ४४.४५ दिलंय, तेच मॉडेलमध्ये दिसलं पाहिजे.

पत्रावाला

आमचं लेझर कटिंगचं काम. आम्हाला डीएक्सएफ (कापायच्या रेषांची फाइल) येते, त्यामुळे तुमच्या पॅटर्नचं पुढे काय होतं ते आम्ही बघतो.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो एकावर एक बसलेल्या वर्तुळांचा. ४५ अंशांचा कोन देऊन कुणीतरी ९ नग लिहितो. नववा होल पुन्हा पहिल्यावर येऊन बसतो. स्क्रीनवर आठच दिसतात. नेस्टिंगमध्ये (पत्र्यावर भाग मांडताना) लक्ष गेलं नाही तर मशीन त्या जागी दोनदा कापायला जातं. दुसऱ्या वेळी खाली धातूच नसतो, कडा जळते, आणि पडलेला तुकडा उभा राहिला असेल तर हेड त्याला आपटायची भीती. म्हणून पूर्ण गोल हवा असेल तर ३६० अंश आणि सम अंतर हाच पर्याय घ्या, सुटा कोन टाइप करू नका. ऑटोकॅडमधून पाठवत असाल तर पाठवण्याआधी ओव्हरकिल कमांड चालवा. एकावर एक पडलेल्या रेषा आणि वर्तुळं ती काढून टाकते.

आता जाळीच्या पत्र्याविषयी. ३ मिमीचे होल, ५ मिमी पिच, ६० अंशांची रचना, म्हणजे पुढची ओळ अर्ध्या पिचने सरकलेली. दोन ओळींमधलं अंतर ५ गुणिले ०.८६६, म्हणजे ४.३३. पत्रा ४०० बाय ३०० चा असेल तर साडेपाच हजार होल होतात. लोक हे सगळं स्केचमध्ये पॅटर्न करून पाठवतात. फाइल उघडायलाच वेळ लागतो, आणि लेझरला प्रत्येक होलला नव्याने पिअर्सिंग (पत्रा पहिल्यांदा भेदणं) करावं लागतं, त्यामुळे भाव ऐकून गिऱ्हाईक नाराज होतं.

अशा मापाचा पर्फोरेटेड पत्रा बाजारात पंच केलेला तयार मिळतो. तो आणून फक्त बाहेरची कड कापायची. मॉडेलमध्ये होल काढूच नका. पत्र्याची कड काढा, कोपऱ्यात थोडे होल दाखवा आणि ड्रॉइंगवर होल, पिच, रचना लिहा. हवा किती जाते हे हवं असेल तर त्यालाही मॉडेल लागत नाही. ६० अंशांच्या रचनेत मोकळी जागा टक्क्यांत काढायची तर ९०.६९ ला होलच्या व्यासाच्या वर्गाने गुणायचं आणि पिचच्या वर्गाने भागायचं. ३ ला ५ पिच धरलं तर ३२.६ टक्के येतात.

फ्रीकॅडवाला

मी फ्रीकॅड वापरतो. लायसन्सचा खर्च नाही म्हणून घरून काम करणारे बरेच जण तिकडे वळलेत, त्यांच्यासाठी लिहितो.

फ्रीकॅडच्या स्केचरमध्ये ओळीने किंवा गोल फिरवून नकला काढायची साधनं आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरात १.० आवृत्ती आली, तिच्यात ती वापरायला बरीच सोपी झालीत. कोन आणि नग कॅनव्हासवरच टाइप करता येतात. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तिथे नकला निघाल्या की त्या सुट्या होतात. नंतर ८ चे १२ करायचे तर तसा आकडा कुठे उरलेलाच नसतो. पुसून पुन्हा काढावं लागतं.

म्हणून फ्रीकॅडमध्ये ताईंचा नियम आणखी कडकपणे पाळावा लागतो. स्केचमध्ये एक होल, पॉकेट (तिथला कट), आणि मग पार्ट डिझाइनमधला पोलर (गोल फिरणारा) पॅटर्न. त्याच्या नगांना स्प्रेडशीटमधला कक्ष जोडता येतो. पहिल्या होलच्या कोनात १८० भागिले तोच कक्ष. दोन दिशांना पसरायचं असेल तर मल्टिट्रान्सफॉर्म घ्या. पत्रावाल्यांनी सांगितलेली सरकलेली ओळ दोन होल धरून त्यात होते.

स्केच जड का होतं, हेही सांगतो, कारण ते समजलं की नियम पाठ करायची गरज उरत नाही. स्केचमधल्या प्रत्येक वर्तुळाच्या तीन अज्ञात गोष्टी असतात: मध्याचे एक्स आणि वाय, आणि त्रिज्या. तुम्ही दिलेलं प्रत्येक माप आणि नातं हे एक समीकरण. एक माप बदललं की सॉल्व्हर (सॉफ्टवेअरमधला गणित सोडवणारा भाग) ही सगळी समीकरणं एकत्र सोडवायला बसतो. आठ होलला २४ अज्ञात, काही वाटत नाही. साडेपाच हजार होलला साडेसोळा हजार. फीचर पॅटर्नमध्ये सॉल्व्हरपुढे एकच वर्तुळ असतं. बाकीचे होल म्हणजे त्या कटला फिरवून किंवा सरकवून ठेवायचं, तिथे सोडवण्यासारखं काही नाही. घनातून ते वजा करायला वेळ लागतो, तो वेगळा. सॉलिडवर्क्समध्ये जॉमेट्री पॅटर्न ही खूण केली की तोही बऱ्याचदा कमी होतो, पण कटची खोली एखाद्या वाकड्या पृष्ठभागापर्यंत असेल तर ती खूण करू नका, कारण मग प्रत्येक होलची खोली नव्याने मोजली जात नाही.

जुनी_फाइल

छान चर्चा. एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. आयव्हन सदरलंड यांनी एमआयटीत १९६३ मध्ये स्केचपॅड हा प्रबंध सादर केला. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढायच्या आणि त्यांच्यात नाती लावायची, हे त्यात होतं. त्याचबरोबर एक मूळ आकृती आणि तिच्या कितीही नकला, मूळ बदललं की सगळ्या नकला बदलणार, हेही होतं. म्हणजे आज इथे ज्या दोन गोष्टींवर आपण बोलतोय, नाती आणि नकला, त्या पहिल्यापासून वेगवेगळ्या ठेवलेल्या होत्या. मला ते फार सुंदर वाटतं.

ऑटोकॅडवाल्यांसाठी: २०१२ च्या आवृत्तीपासून अ‍ॅरे असोसिएटिव्ह झाला, नंतरही नग आणि अंतर बदलता येतं. त्याला एक्सप्लोड मारलं की तो गुण जातो. लेझरवाल्याला फाइल देताना मूळ फाइल वेगळी ठेवून एक्सप्लोड प्रतीवर मारा.

टूलरूम_काका

कॅड मला येत नाही, पण तुम्ही काढलेलं आम्ही करतो, म्हणून लिहितो.

ड्रॉइंगवर आम्हाला काय हवं? होल किती, डाया किती, पीसीडी किती, पहिला होल कुठे. बस. काही मुलं बारा होलची बारा एक्स-वाय मापं टाकतात. त्याने ड्रॉइंग भरतं आणि कुठेतरी एक आकडा चुकला तर कळायला मार्ग नाही. व्हीएमसीवर (कंप्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) फानुक कंट्रोल असेल तर ऑपरेटर जी१६ ही आज्ञा लावतो. मग एक्सला त्रिज्या आणि वायला कोन द्यायचा. रेघोटीताईंच्या बारा होलला त्रिज्या १४७.५, पहिला कोन १५, पुढे तीस-तीसने. शेवटी जी१५ ने बंद. म्हणजे मशीनसुद्धा पॅटर्नच्याच भाषेत बोलतं. मॉडेल तसंच केलेलं असेल तर ड्रॉइंगही तसंच निघतं.

छोट्या कव्हरला अजूनही आम्ही डिव्हायडिंग हेड (हाताने फिरवून गोलाचे सारखे भाग पाडायचं साधन) लावतो. हँडलच्या चाळीस फेऱ्यांना कामाचा एक पूर्ण गोल. आठ होलला पाच फेऱ्या सरळ. बाराला तीन फेऱ्या आणि २१ होलच्या वर्तुळावर सात घरं. तिथेसुद्धा पहिला होल कुठे हे ड्रॉइंगवर नसेल तर हात थांबतो.

आता तपासणी, ही मुलांनी शिकून घ्या. पीसीडी प्रत्यक्ष मोजता येत नाही, कारण तिथे धातूवर काही रेघ नसते. समोरासमोरच्या दोन होलच्या बाहेरच्या कडा व्हर्निअरने धरा: पीसीडी अधिक एक डाया. २९५ आणि २२ म्हणजे ३१७ आलं पाहिजे. मग शेजारच्या दोन होलच्या आतल्या कडा. बारा होलला मध्य ते मध्य ७६.३५ येतं, त्यातून २२ वजा, ५४.३५. आठ होलला मध्य ते मध्य ११२.८९, आतल्या कडा ९०.८९. सूत्र हवं असेल तर पीसीडी गुणिले साइन, १८० भागिले नग. ही दोन मापं ड्रॉइंगच्या कोपऱ्यात संदर्भ म्हणून कंसात लिहून ठेवलीत तर इन्स्पेक्शनवाला तुम्हाला दुवा देईल.

रेघोटी

काका, ही कंसातली मापं आजपासून आमच्या टेम्प्लेटमध्ये घालते. कॅडमध्ये ती ड्रिव्हन (मॉडेलवरून आपोआप निघणारी) म्हणून टाकली की नग बदलल्यावर स्वतःच बदलतील.

सावली_सीएनसी

मी थोडी दुसरी बाजू मांडते. आम्ही एमडीएफ आणि प्लायच्या जाळ्या करतो, देवघराचे दरवाजे, पार्टिशन, एसीची झाकणं. राउटरला शेवटी रेषाच लागतात, घन लागत नाही. त्यामुळे आमच्याकडे स्केचमधला पॅटर्न रोजचाच.

जिथे एकेक भोक सुटं आहे तिथे ताईंचा नियम चालतो. षटकोनी जाळी घ्या. समोरासमोरच्या बाजूंत २० मिमी आणि मधली भिंत ३ मिमी असेल तर पिच २३, ओळींचं अंतर १९.९२. एका षटकोनाचा कट आणि त्याचा पॅटर्न, प्रश्न नाही.

पण जिथे पट्ट्या एकमेकींना छेदत जातात, एका पट्टीची कड म्हणजेच शेजारच्या खणाची कड, तिथे सुटं भोक असं काही नसतं. तिथे रेषांचा पॅटर्न स्केचमध्येच करावा लागतो आणि मग ट्रिम. ट्रिम केलं की पॅटर्नचं नातं तुटतं, आणि पुढच्या वेळी खणाचं माप बदलायचं तर सगळं पहिल्यापासून. खरी अडचण इथे आहे. दरवाजाला वर कमान असली की कडेचे सगळे खण अर्धवट कापावे लागतात, आणि मुली तासन्‌तास ट्रिम करत बसतात.

यावर आम्ही काढलेला मार्ग असा. जाळी कडेपर्यंत नेमकी बसवायचा प्रयत्नच करायचा नाही. खणांचा कट चौकटीच्या बाहेरपर्यंत बेधडक पसरू द्यायचा. त्यानंतर चौकट वेगळ्या स्केचमधून, कमानीसकट, पुन्हा भरून घ्यायची, म्हणजे वरून एक्स्ट्रूड करून त्याच घनात मिळवायची. कडेचे अर्धे खण आपोआप कापले जातात. कमानीची उंची बदला, खणाचं माप बदला, ट्रिम नावाची गोष्ट करावी लागत नाही. शेवटी त्या सपाट पृष्ठभागाची डीएक्सएफ काढायची, ती एकसंध बंद रेषांची निघते.

एक काळजी घ्यायची. कडेला कधीकधी खणाची अगदी बारीक चीर उरते, दोन-तीन मिमीची. ६ मिमीचा कटर तिथे जात नाही. तेवढे नग पॅटर्नमधून वगळून टाकायचे, त्यासाठी इन्स्टन्सेस टू स्किप हा पर्याय आहे.

चाकणकर

सावलीताई, चौकट पुन्हा भरायची युक्ती पत्र्याच्या व्हेंटिलेशन पॅनेललाही लागू पडते. फार कामाची गोष्ट सांगितलीत. फक्त शीट मेटलमध्ये चौकटीची जाडी पत्र्याच्या जाडीशी जोडून ठेवा, नाहीतर फ्लॅट पॅटर्न उलगडताना अडतो.

रेघोटी

सावली, तुमच्या पोस्टमुळे मी सुरुवातीला बाकी ठेवलेली गोष्ट लिहायला सोपी गेली. स्केचमधला पॅटर्न मी वापरते ती ठिकाणं अशी. एक, तुम्ही म्हणता तशी, जिथे कड दोघांत सामाईक आहे. दोन, लेआउटचं स्केच, ज्यातून घन निघतच नाही: पंप, बेसप्लेट आणि फाउंडेशन बोल्ट यांच्या जागा एका मुख्य स्केचमध्ये ठरवते आणि तिन्ही भाग ते स्केच वापरतात. तिथे वर्तुळं काढतच नाही, नुसत्या बिंदूंचा पॅटर्न करते. होल विझार्डला (सॉलिडवर्क्समधल्या तयार होल मारायच्या साधनाला) बिंदूच हवे असतात, आणि बिंदूला त्रिज्या नसते, त्यामुळे सॉल्व्हरचंही ओझं कमी. तीन, बाहेरची कडच दातेरी आहे आणि तिच्यावर पुढे लॉफ्ट किंवा स्वीप (आकार ओढत नेऊन घन करणं) करायचं आहे. प्रोफाइल एकच आणि अखंड लागतं, म्हणून आकार स्केचमध्येच पुरा करावा लागतो.

जिथे मोटरच्या लॅमिनेशनच्या (गाभ्यातल्या पातळ पत्र्यांच्या) खाचांसारखी सपाट गोष्ट आहे तिथे मात्र दातेरी कड असूनही एका खाचेचा कट आणि फीचर पॅटर्नच बरा. वायरकटला अखंड रेष हवी असते, ती पृष्ठभागावरून डीएक्सएफ काढताना मिळतेच.

डिप्लोमा_शेवटचं_वर्ष

ताई, तुमचं सूत्र लावून बघितलं. ८, १२, १६ सगळ्याला बरोबर बसलं. मग आमच्या प्रोजेक्टच्या कपलिंगला (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागाला) लावलं, त्याला ६ होल आहेत. १८० भागिले ६ म्हणजे ३० अंश. पण एक होल बरोबर उभ्या रेषेवर आला! सूत्र चुकलं का?

रेघोटी

सूत्र बरोबर आहे, तू कोन कुठून मोजतोयस ते बघ. आडव्या रेषेपासून ३० वर पहिला, पुढचा ६० ने, म्हणजे ९० वर, थेट माथ्यावर. पाइप फ्लँजच्या होलची संख्या नेहमी ४ च्या पटीत असते, म्हणून तिथे आडव्या रेषेपासून मोजा की उभ्या, उत्तर एकच येतं. ६ किंवा १० होलला तसं होत नाही.

तेव्हा स्केचमध्ये मूळबिंदूतून एक उभी कन्स्ट्रक्शन रेष काढ आणि १८० भागिले नग हा कोन तिच्यापासून मोज. सहा होलला मग वरचे दोन होल उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस अंशांवर येतील आणि दोन होल आडव्या रेषेवर बसतील. फ्लँजलाही हेच चालतं, म्हणून टेम्प्लेटमध्ये उभी रेषच ठेव. तुझ्या कपलिंगला होल मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना हवेत की नकोत, हे मात्र आधी समोरच्या अर्ध्या कपलिंगच्या ड्रॉइंगवर बघून घे. कीवे (शाफ्टची चावी बसायची खाच) कुठे आहे त्यावरून पहिल्या होलची जागा ठरवलेली असू शकते, आणि तसं असेल तर कोन कीवेच्या मध्यरेषेपासूनच मोजायचा.